सहावी ओळ

केजला तहसील कचेरीच्या रस्त्यावर, झेरॉक्सच्या दुकानाला चिकटून उत्तरेश्वरची पत्र्याची टपरी होती. पाट्या करायची. सुरुवात त्यानं भांड्यांवर नावं टाकण्यापासून केली होती. पुढं लोकांनी ताट-तांब्यावर नावं टाकायचं सोडलं, तसा तो पितळी पाट्यांवर आला. डॉक्टरांच्या, वकिलांच्या, देवळातल्या देणगीदारांच्या. पत्र्यावर काळ्या वॉर्निशनं अक्षरं काढायची आणि पत्रा तेजाबात ठेवायचा. वॉर्निशखालचं पितळ वाचतं, मोकळं पितळ तेजाब खाऊन टाकतं, अक्षरं उठून वर येतात. एवढं काम उत्तरेश्वरचं. पुढचं त्याच्या बायकोचं, सरस्वतीबाईचं. खाली गेलेल्या पितळात गडद तांबडा रंग भरायचा आणि तो धड ओला नाही, धड वाळला नाही, अशा वेळेला अक्षरांची डोकी थिनरच्या फडक्यानं पुसून काढायची. घाई केली तर रंग ओढून येतो, उशीर केला तर अक्षर मळकट राहतं. तीस वर्षांत तिच्या हातून एक अक्षर मळकट गेलं नव्हतं. थिनरनं तिच्या बोटांना भेगा पडल्या होत्या, आणि उत्तरेश्वरच्या नखांवरचा तेजाबाचा पिवळा डाग कशानंही जात नव्हता.

वैशाखातल्या एका सोमवारी शिवशंकर जीप घेऊन टपरीसमोर उभा राहिला. हा तालुक्याचे पुढारी सुंदरराव, सगळ्यांचे अण्णा, यांचा माणूस. त्यांचे कागद, फोन, गाड्या, सगळं तोच बघायचा. त्यानं जीपमधून तीन फुटी पितळी पत्रा उतरवून घेतला आणि खिशातून घडी केलेला कागद काढला.

"काका, अण्णांनी तुमचंच नाव घेतलं बघा. म्हणले, घरचं काम हाय, घरच्या माणसानंच करावं."

घरचं म्हणजे खरंच घरचं होतं. पौषात शिरपतवाडीच्या ऊसतोड टोळीची ट्रॉली कारखान्याच्या वाटेवर कालव्यात उलटली होती. उसाच्या मोळ्यांवर बसलेली नऊ माणसं उसाखाली गेली. त्यात उत्तरेश्वरची लेक विजयमाला होती आणि जावई अजिनाथ होता. आता सुंदररावांनी शिरपतवाडीच्या फाट्यावर निवारा बांधला होता. टोळ्या निघतात तेव्हा माणसं पोराबाळांसकट उन्हात गाडीची वाट बघत बसतात, त्यांच्यासाठी. गेलेल्यांच्या स्मरणार्थ. रविवारी उद्घाटन होतं.

सुंदररावांबद्दल वाकडं बोलायला सरस्वतीबाईची जीभ धजली नसती. त्या दिवशी ॲम्बुलन्स त्यांनीच धाडल्या होत्या. प्रेतं ताब्यात मिळेस्तोवर ते सरकारी दवाखान्याच्या पायरीवर उपाशी बसून होते. हे तिनं डोळ्यांनी पाहिलं होतं.

उत्तरेश्वरनं कागद उलगडून स्टुलावर ठेवला. सरस्वतीबाई चौथी शिकलेली. ती वाकून वाचायला लागली. वर सुंदररावांचं नाव, मोठ्या अक्षरांत. त्याखाली 'यांच्या प्रेरणेने'. त्याखाली निवाऱ्याचं नाव, तारीख, आणि मग पाच नावं. रामकिसन. सोमेश्वर. अजिनाथ तिसरा. हनुमान. शेवटी अंगद, त्याचं तर लग्न व्हायचं होतं. तिनं कागद उलटा करून पाहिला. मागं कोरा होता.

"विजू कुठंय?" तिनं विचारलं.

"आं?"

"माझी पोरगी. नऊ जण गेले. हितं पाचच हायेत."

शिवशंकर मोबाईलकडं बघत बोलला, "ते मुकादमाच्या वहीतून उतरवून घेतलंय काकू. वहीत कोयत्याप्रमाणं नावं आसत्यात. गड्याची. कोयता म्हणलं की नवरा-बायको दोघं आले त्यात."

"आली का मग ती त्यात?"

"आता मी काय सांगावं? अण्णांना भेटा."

जीप गेली. उत्तरेश्वर बराच वेळ पत्र्यावरून हात फिरवत राहिला. अजिनाथ ऊस तोडायचा, विजू मोळ्या बांधायची आणि डोक्यावर घेऊन फळीवरून ट्रॉलीत चढवायची. ऊसतोडीचा हंगाम संपवून आली की आईनं केसांना तेल लावायला हात पुढं केला तर म्हणायची, हळू माय, टाळूवर लई दुखतंय.

दुसऱ्या दिवशी दोघं सुंदररावांच्या बंगल्यावर गेले. पडवीत खुर्च्या होत्या, पण त्यांवर माणसं होती. ही दोघं पायरीवर बसली. माणसं येत होती, चपला यांच्या बाजूला काढून आत जात होती. एकजण तर उत्तरेश्वरच्या मांडीला चपलेची टाच लावूनच गेला. दीड तासानं सुंदरराव बाहेर आले. जेवून आले होते, रुमालानं हात पुसत होते.

"ये उत्तरेश्वर. बाई, तुमी कावून आलात एवढ्या उन्हाचं?"

उत्तरेश्वर उठून उभा राहिला. जे घोकून आला होता ते त्याला आठवेना. "अण्णा, त्ये नावाचं... पोरीचं नाव राह्यलंय."

"सांगितलं मला शिवशंकरनं." सुंदरराव खुर्चीत टेकले. आवाजात राग नव्हता. "हे बघ, चार बाया गेल्या. चौघींची घालायची म्हणजे पत्रा मोठा लागंल. भितीला खाचा मारून झाल्यात. रविवारी कार्यक्रम हाय. आन नवऱ्याच्या नावात बायको आलीच की. तुमच्या रेशनकार्डावर काय हाय सांग बरं?"

"माझं नाव पयलं हाय," सरस्वतीबाई पायरीवरूनच बोलली.

"काय?"

"रेशनकार्डावर. पयलं नाव माझं हाय. आता बाईचंच आसतंय."

पडवीतली माणसं हसली. सुंदररावही हसले. "लई हुशार हायेत रे बाई. उत्तरेश्वर, ह्यांला उभं कर पंचायत समितीला." पुन्हा हसणं झालं. मग फोन वाजला आणि ते फोन घेऊन आत गेले. परत बाहेर येतील म्हणून ही दोघं अर्धा तास उभी राहिली. शिवशंकरनं येऊन सांगितलं, अण्णा मागच्या दारानं माजलगावला गेले.

परतताना सवारीच्या जीपमध्ये उत्तरेश्वर ड्रायव्हरशेजारी बसला. केजला उतरल्यावर एवढंच म्हणाला, "रेशनकार्डाचं कशाला काढलंस? माणसं हासली."

"हासू द्या," ती म्हणाली. पण तिचे कान गरम झाले होते ते संध्याकाळपर्यंत निवले नाहीत.

बुधवारी सकाळी ती पाण्याची घागर घेऊन टपरीत आली तेव्हा उत्तरेश्वर पत्र्यावर ओणवा झाला होता. अक्षरं काढून होत आली होती. नावांच्या खाली कमळांची वेल काढायची असं कागदावर होतं. ती वेल त्यानं काढली नव्हती. तेवढी जागा त्यानं वर घेतली होती आणि तिसऱ्या नावाच्या खाली एक ओळ सोडली होती. त्या ओळीत त्याचा कुंचला चालला होता. 'वि' झाला होता, 'ज' चालू होता. ती घागर हातात धरूनच उभी राहिली. 'विजयमाला अजिनाथ तांदळे' पुरं झालं तेव्हा त्यानं मान वर केली. डोळे लाल होते, पण ते वॉर्निशच्या वासानंही व्हायचे.

"त्यांला काय सांगताल?" तिनं विचारलं.

"भितीत बसल्यावर कोण उपटून काढतंय? त्या दिशी कोण वाचतंय? हार घालत्याल, फोटू काढत्याल."

तिनं घागर खाली ठेवली. काळी ओली अक्षरं तिनं डोळे भरून पाहिली. मग तिच्या मनात आलं ते तोंडावाटे निघून गेलं.

"आन बाकीच्या तिघी?"

"जागा एकाच ओळीची निघाली."

तिनं पुन्हा विचारलं नाही. सुंदररावांचं नाव दोन बोटं बारीक केलं असतं तर आणखी ओळी बसल्या असत्या, हे तिला पत्रा बघताच कळलं होतं. त्यालाही कळलं असणार. पण ते बोलायची दोघांचीही छाती नव्हती. शिवाय विजूचं बसलं होतं.

दुपारी टपरीच्या मागं प्लास्टिकच्या टबात त्यानं पत्रा तेजाबात सोडला. तोंडाला ओलं फडकं बांधलं होतं तरी पिवळा धूर नाकात जायचाच. तो खोकत खोकत पत्रा हलवत राहिला, ती वाऱ्याच्या उलट्या बाजूला उभी राहून पाण्याच्या बादल्या देत राहिली. संध्याकाळी धुऊन, वॉर्निश काढून पाहिलं तर सगळी अक्षरं ठणठणीत वर आली होती.

गुरुवारी रंग. उन्हात रंगाला पापडी धरते म्हणून तिनं पहाटेच सुरुवात केली. टपरीच्या पत्र्यावर ओली पोती टाकली. आधी कडा, मग वरचं मोठं नाव, मग खालचं. सहावी ओळ, म्हणजे तिसऱ्या नावाखालची ती जादा ओळ, तिनं सगळ्यात शेवटी घेतली. फडकं बोटाला गुंडाळून तिनं एक एक अक्षर पुसलं. 'वि'च्या वेलांटीत रंगाचा ठिपका अडकला होता, तो काडीच्या टोकानं काढला. तांबड्या रंगावर पिवळंधमक नाव उमटलं. तिनं थोडं लांब जाऊन पाहिलं. रस्त्याच्या पलीकडून पाहिलं. तिथूनही वाचता येत होतं.

शुक्रवारी दुपारी छबुबाई आली. शिरपतवाडीची. सोमेश्वर तिचा एकुलता एक, आणि वनमाला सून. दोघंही त्याच ट्रॉलीखाली गेली होती. तहसीलला निराधारच्या कागदासाठी ती एसटीनं आली होती आणि काम झालं नव्हतं. टपरीच्या उंबऱ्यावर ती धपकन बसली.

"सोम्याचं नाव बघाया आले. तुमच्याकडंच हाय म्हणले. तितं भितीवर लावल्यावर माझ्यासारखीला कोण पुढं जाऊ देतंय?"

उत्तरेश्वरनं पाटीवर झाकलेलं पोतं बाजूला केलं. छबुबाईला अक्षर येत नव्हतं. ती पत्र्यासमोर उकिडवी बसली. "वाचा बरं."

उत्तरेश्वरनं बोट ठेवून वाचायला सुरुवात केली. रामकिसन. सोमेश्वर. तिथं छबुबाईनं हात वर केला, नावाला बोटं लावली, बोटं कपाळाला लावली. तो पुढं गेला. अजिनाथ. मग त्याचं बोट क्षणभर थांबलं, एक ओळ सोडून खाली उतरलं. हनुमान. अंगद.

सरस्वतीबाई थिनरची बाटली पुसत होती. तिचा हात थांबला. ज्या माणसानं चोरून पोरीचं नाव लिहिलं, त्यानंच आत्ता ते गिळलं होतं, आणि तिलाही त्या घडीला बरंच वाटलं होतं.

छबुबाई पत्र्याकडं बघत राहिली. मग तिनं पहिल्या नावापासून खाली बोट नेलं. एक, दोन, तीन, चार, पाच, सहा.

"ओळी सहा हायेत."

उत्तरेश्वर मान पुसायला लागला.

"ही मधली कुणाची?"

"विजूची," सरस्वतीबाई बोलली.

छबुबाईनं तिच्याकडं पाहिलं, मग पुन्हा पत्र्याकडं. "आन वनमालेची?"

 रस्त्यावरून ऊस नसलेला रिकामा ट्रॅक्टर धडधडत गेला.

"वनमाला बी तितंच व्हती की. दोघी एका पदराखाली सापडल्या. तुजीच्या हातात माझीचा हात व्हता. तू बी बघितलंस न्हवं दवाखान्यात?"

"जागा नव्हती, छबुबाई," उत्तरेश्वर म्हणाला.

"व्हय," ती म्हणाली. "जागा कुठून आसंल." तिनं मागून पाणी घेतलं, प्याली, पदरानं तोंड पुसलं आणि एसटीची वेळ झाली म्हणून उठली. ती भांडली नाही. भांडली असती तर सरस्वतीबाईला बोलायला काहीतरी मिळालं असतं.

शनिवारी दहा वाजता शिवशंकर पत्रा न्यायला आला तो तोंड आंबट करूनच. टपरीत आल्या आल्या त्यानं पोतं ओढलं आणि नावं वाचली.

"हाय म्हणा की. मला वाटलं म्हातारी काय बी बोलती."

"कोण?" उत्तरेश्वरनं विचारलं.

"छबुबाई. काल बंगल्यावर आलती. म्हणली, उत्तरेश्वरच्या पोरीचं लागलंय तर माझ्या सुनेचं बी लावा. रडली, पाया पडली. अण्णांला तर ह्यातलं काहीच ठावं न्हाई! चार माणसांत अण्णांचं तोंड बारीक झालं." तो स्टूल ओढून बसला. "अण्णा म्हणले, लावायचं तर चौघींचं, न्हाईतर कुणाचंच न्हाई. एकीला एक न्याय आन दुसरीला दुसरा, हे आपल्याच्यानं व्हायचं न्हाई."

"मग चौघींचं लावू. मी फुकट करतो. पत्रा मी आणतो."

"उद्या अकराला पडदा उघडायचाय, काका. पत्रा आणणार कवा, तेजाबात घालणार कवा? त्यापरीस ती ओळ रंगवून टाका. बरूबर रंग हाय तुमच्याकडं."

उत्तरेश्वरनं रंगाचा डबा मागं सरकवला.

शिवशंकरनं आवाज खाली आणला. "रस्ता रुंद करायची यादी निघतीय. तुमची टपरी अण्णांनी दोन बारी वाचवली. मला बोलायचं नव्हतं. पण बघा."

उत्तरेश्वरनं तांबड्या रंगाचा डबा उघडला. रंगाचं काम त्यानं कित्येक वर्षांत केलं नव्हतं. कुंचला बुडवून तो पत्र्यावर वाकला. 'वि'वर कुंचला टेकवला तोच तो वर घसरला. रंगाचा फटकारा वरच्या ओळीला लागला, 'अजिनाथ'मधल्या 'थ'वर.

"आवं काका, ते बी घालवता का काय?"

त्यानं फडक्यानं पुसायला घेतलं तर 'थ' आणखी माखला. तो खोकायला लागला. खोकला थांबेचना. सरस्वतीबाई इतका वेळ दाराशी उभी होती. ती पुढं आली आणि तिनं त्याच्या हातातून कुंचला घेतला.

"सरका."

तिनं आधी थिनरनं 'थ' साफ केला. मग बारका कुंचला घेतला आणि सहाव्या ओळीच्या सुरुवातीपासून रंग भरत गेली. हात जरा म्हणून हलला नाही. तीस वर्षांची सवय होती, हाताला नावं कळत नव्हती. घासलेल्या पितळावर रंग चटकन धरत नाही. पहिल्या हाताला नाव तांबूस होऊन आतून चमकत राहिलं. वाळेपर्यंत शिवशंकर चहा पिऊन आला. दुसरा हात दिला. शिवशंकर रस्त्याच्या पलीकडं गेला आणि तिकडून ओरडला, "आजून दिसतंय. 'माला' दिसतंय!"

झेरॉक्सवाल्याच्या दुकानातली माणसं बाहेर येऊन बघायला लागली. तिनं 'माला'वर तिसरा हात दिला.

"आता न्हाई दिसत," शिवशंकर म्हणाला. "मधी जागा मोकळी वाटती, पण चालतंय."

शिवशंकरनं आणि झेरॉक्सवाल्यानं मिळून पत्रा जीपमध्ये चढवला. उत्तरेश्वरनंही हात लावला.

रविवारी फाट्यावर मंडप होता. निवाऱ्याची सावली खुर्च्यांनी भरली होती, त्यामुळं गेलेल्यांच्या घरच्या बाया बाहेर उन्हात सतरंजीवर बसल्या होत्या. पडदा सरकला, टाळ्या झाल्या. माईकवर पाच नावं वाचली गेली, पाच घरच्या माणसांना शाल आणि नारळ दिला. शेवटी सुंदररावांनी उत्तरेश्वरला जवळ बोलावलं, शाल घातली, खांद्यावर हात ठेवला.

"ज्या बापाची लेक त्या दिवशी गेली," त्यांचा आवाज खरोखर भरून आला होता, "त्याच बापानं आपल्या हातानं हा फलक घडवलाय. सांगा, डोळ्याला पाणी येणार न्हाई तर काय व्हईल?"

लोकांनी जोरात टाळ्या वाजवल्या. काही बाया रडल्या. लेकीचं नाव सुंदररावांनी घेतलं नाही. त्यांना ते ठाऊक तरी होतं की नाही, कोण जाणे. उत्तरेश्वरनं वाकून नमस्कार केला, शाल सावरत खाली उतरला आणि लोक सांगत होते तसा फोटोसाठी पुन्हा वर चढला.

गर्दी पांगली. केजची सवारीची जीप फाट्यावर उभी होती. उत्तरेश्वर आत जाऊन बसला. सरस्वतीबाई चपला शोधत होती तेव्हा छबुबाई तिच्याजवळ आली. रात्रभर झोपली नसावी असं तिचं तोंड झालं होतं.

"विजूचे माय, मी वंगाळ मनानं न्हाई गेलते गं. मला वाटलं दोघींचं व्हईल. मला काय ठावं, तुजीचं बी पुसत्याल म्हणून?"

सरस्वतीबाईनं चपला पायात घातल्या.

छबुबाईनं तिचा हात धरला आणि तिला ओढतच निवाऱ्यात नेलं. भिंतीवर पत्रा झळझळत होता, त्यावर झेंडूचा हार लोंबत होता. छबुबाईनं हार बाजूला सारला आणि सोमेश्वरच्या नावाखाली चाचपडायला लागली.

"कुठं व्हतं गं तिचं नाव? दाव तरी. मी हात लावते. दोघींच्या नावानं लावते."

सरस्वतीबाईनं पाहिलं. तिला शोधावं लागलं नाही. 'वि'ची वेलांटी, 'माला'वरचा तिसरा हात, सगळं तिला बाहेरून येणाऱ्या उजेडात स्पष्ट दिसत होतं. छबुबाईची काळी, वाकडी बोटं त्याच्या एक ओळ वरती फिरत होती.

"नव्हतंच," सरस्वतीबाई म्हणाली.

"आगं, परवा तर..."

"नव्हतंच म्हणते न्हवं?"

तिनं हात सोडवून घेतला आणि जीपमध्ये जाऊन बसली. ड्रायव्हर आणखी एका सवारीची वाट बघत होता. ती त्याला म्हणाली, "चल बाबा, आता कावून थांबलास?"